लेख लिहून झाल्यावर

(एका तालुका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत मराठी विकिपीडियाविषयी केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

विकिपीडियावर लेख कसा लिहायचा हे सांगायला मला बऱ्याच ठिकाणी बोलावतात, आणि ते सांगायला हवंच. आज मात्र मी लेख लिहून झाल्यानंतरचं बोलणार आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. इतकी वर्षं तो टिकला, त्याचं श्रेय लेख लिहिणाऱ्यांना आहेच, पण माझ्या मते त्याहून जास्त श्रेय लिहिलेल्या लेखांची रोज राखण करणाऱ्यांना आहे. ही माणसं मोजकीच आहेत आणि सगळी आपलं पोटापाण्याचं काम सांभाळून हे करतात. ती आता पुरी पडत नाहीत. ते सांगायलाच मी आले आहे.

केतकरांनी ज्ञानकोशाचे २३ खंड काढले. खंड छापून झाला की त्यातली चूक तशीच राहायची, पण रात्रीतून कुणी नवी चूक त्यात घालू शकत नव्हतं. विकिपीडियाचं पान मात्र कायम उघडं असतं. तुम्ही आज महिनाभर खपून आपल्या तालुक्याचा लेख उभा केलात, तरी उद्या सकाळी तो तसाच असेल याची हमी कुणी देत नाही. ती हमी आपण माणसांनी मिळून द्यायची असते.

हे काम कसं चालतं ते एका उदाहरणावरून सांगते. विकिपीडियावर ‘अलीकडील बदल’ नावाचं एक पान आहे. कुणी कुठल्या लेखात काय बदललं, किती वाजता, किती मजकूर वाढला किंवा घटला, सगळं तिथे ओळीने दिसतं. समजा, एका तालुक्याच्या पानावर लोकसंख्येचा आकडा बदललेला दिसला. कारण लिहिलेलं नाही, संदर्भ दिलेला नाही. ‘फरक’ उघडला की जुना आणि नवा मजकूर शेजारी शेजारी येतो. नवा आकडा जुन्यापेक्षा बराच लहान आहे. घाईतला माणूस इथे ‘उलटवा’ म्हणतो आणि पुढे जातो. अनुभवी माणूस आधी बदल करणाऱ्याचं ‘योगदान’, म्हणजे त्याने केलेल्या सगळ्या बदलांची यादी, पाहतो. खातं नवं आहे, पण त्याच माणसाने त्याच पानावर गावातल्या बाजाराचा वार नीट घातला आहे, शाळेच्या नावातलं शुद्धलेखन सुधारलं आहे. म्हणजे हा उत्पात करायला आलेला नाही. मग जनगणनेचा तक्ता काढायचा. त्यात तालुक्याची लोकसंख्या वेगळी असते आणि तालुक्याच्या शहराची वेगळी. या माणसाने शहराचा आकडा तालुक्याच्या जागी लिहिला, इतकंच. तेव्हा आकडा पूर्ववत करायचा, शहराचा आकडा शहराच्या पानावर न्यायचा, आणि त्या माणसाच्या चर्चापानावर दोन ओळी लिहायच्या: आपण दिलेला आकडा बरोबर आहे, तो अमुक पानावर ठेवला आहे, आपल्या गावाबद्दल आणखी लिहा.

या दोन ओळींवर मी आज सर्वांत जास्त जोर देणार आहे. दहा मिनिटांच्या कामात आकडा दुरुस्त करायला एक मिनिट लागतं. बाकी नऊ मिनिटं एका माणसाला टिकवण्यासाठी असतात. ज्याचा बदल न बोलता पुसला जातो तो परत येत नाही. गावाचा बाजार कोणत्या वारी भरतो हे माहीत असलेला माणूस आपण गमावतो आणि त्याच्या जागी दुसरा येत नाही.

लोकसंख्येचे आकडे इतके का बदलतात, त्यालाही कारण आहे. आपल्याकडची शेवटची पूर्ण झालेली जनगणना २०११ची. लोकांना तो आकडा जुना वाटतो आणि ते आपल्या अंदाजाने तो ‘अद्ययावत’ करतात. भावना चांगली असते, म्हणूनच त्यांच्याशी बोलायला हवं.

जिथे भावना तीव्र असतात तिथे याहून अवघड जातं. संतांची पानं, जातींची पानं, शिवाजी महाराजांचं पान. महाराजांची जन्मतारीख आज शासन १९ फेब्रुवारी १६३० मानतं. त्याआधी वैशाख १६२७ची तिथी बराच काळ रूढ होती, आणि आजही अनेक घरांत फाल्गुन वद्य तृतीयेला जयंती होते. अशा पानावर कुणाचा आवाज मोठा हे पाहायचं नसतं. कोणत्या साधनात काय म्हटलं आहे, ते ज्याच्या त्याच्या नावाने लिहायचं असतं. एकदा नीट चर्चा झाली की ती चर्चापानाच्या जुन्या नोंदींत राहते, आणि नवा माणूस तोच प्रश्न घेऊन आला की त्याला तिथे नेता येतं. हे न केल्यामुळे तोच वाद वर्षानुवर्षं पहिल्यापासून होतो आणि चांगली माणसं त्यात थकून जातात. पान सुरक्षित करून ठेवणं, म्हणजे ते कुणालाही बदलता येणार नाही असं बंधन घालणं, हा शेवटचा उपाय आहे, पहिला नाही.

आता कुणी म्हणेल, यासाठी संस्था आहे ना? विकिमीडिया फाउंडेशन आहे. २००३ साली अमेरिकेत स्थापन झालेली ही संस्था देणग्यांवर सर्व्हर चालवते. मुख्य यंत्रं व्हर्जिनिया आणि टेक्सासमध्ये आहेत, एक केंद्र सिंगापूरला आहे. पण मराठी लेखात लिहिलेलं खरं की खोटं, हे बघायला तिथे कुणी बसलेलं नाही. ते आपल्यालाच पाहावं लागतं.

आणि आपण पाहिलं नाही तर काय होतं, हे इतर भाषांत घडलेलं आहे. क्रोएशियन विकिपीडियात २०११च्या सुमारास एका मताचे मोजके प्रचालक, म्हणजे पानं सुरक्षित करण्याचे आणि सदस्यांना रोखण्याचे जादा अधिकार असलेले सदस्य, घट्ट बसले. वेगळं मत मांडणाऱ्यांना त्यांनी बाहेर ठेवलं आणि इतिहासाचे लेख आपल्याला हवे तसे वळवले. २०१३ साली त्या देशाच्या शिक्षणमंत्र्यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं की हा विकिपीडिया वापरू नका. सगळं मार्गी लागायला २०२१ उजाडलं. ग्रीनलँडच्या भाषेचं उलट झालं. तिथे ती भाषा येणारे संपादकच जवळपास नव्हते, यंत्राने केलेले भाषांतराचे लेख साचत गेले, आणि शेवटी तिथल्या प्रचालकानेच तो विकिपीडिया बंद करा अशी मागणी केली. २०२५मध्ये ती मान्य झाली.

मराठी बोलणारे आठ कोटींच्या वर आहेत, आपल्यावर ही वेळ येण्याचं कारण नाही. पण यंत्राने लिहिलेला, वरवर गुळगुळीत आणि आतून चुकीचा मजकूर आपल्याकडेही येतो आहे. तो ओळखायला मराठी वाचणारा माणूसच लागतो.

कार्यशाळांबद्दल मी स्पष्ट बोलते. भाषा संवर्धन पंधरवडा आला, मराठी भाषा गौरव दिन आला की महाविद्यालयांत विकिपीडियाच्या कार्यशाळा होतात. मुलं उत्साहाने येतात. एका दुपारी पन्नास लेख तयार होतात. त्यातले कितीतरी दोन ओळींचे असतात, कितीतरी वर्तमानपत्रातून किंवा पुस्तकातून जसेच्या तसे उतरवलेले. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतात, हे त्या मुलांना कुणी सांगितलेलं नसतं. मग पुढचा महिना दोन-तीन स्वयंसेवक तो मजकूर काढत बसतात आणि वर मुलांचा रागही सोसतात. माझी आयोजकांना विनंती आहे: पन्नास मुलं बोलावण्याऐवजी पाच बोलवा, आणि त्यांच्यासोबत सहा महिने राहील असा एक माणूस द्या.

थकव्याचंही बोललं पाहिजे. प्रचालकाला शिव्या मिळतात, त्याची जात काढली जाते, हेतूवर शंका घेतली जाते. एखाद्याच्या घरी लहान मूल येतं, एखाद्याची बदली होते आणि तो हळूहळू दिसेनासा होतो. त्यात कुणाचाच दोष नाही. दोष तेव्हा असतो, जेव्हा त्याच्याबरोबर त्याचं कामही नाहीसं होतं. विकिपीडियावर ‘सांगकामे’ असतात, म्हणजे ठरावीक दुरुस्त्या आपोआप करणारे प्रोग्राम. सांगकाम्या एकाच माणसाच्या घरच्या संगणकावर चालत असेल तर तो माणूस थांबला की सांगकाम्याही थांबतो. फाउंडेशनच्या टूलफोर्जवर, म्हणजे असे प्रोग्राम चालवण्यासाठी दिलेल्या सामाईक सर्व्हरवर, तो ठेवला तर दोन-तीन जणांना मिळून सांभाळता येतो. साहाय्य पानांचंही तसंच. चार जुन्या सदस्यांना जे तोंडपाठ आहे ते सोप्या मराठीत लिहून ठेवायला हवं. मला विचाराल तर नव्या शंभर लेखांपेक्षा नीट लिहिलेली दहा साहाय्य पानं मी आधी मागेन.

प्रत्येकाने सगळं करायचं नाही. कुणाला शुद्धलेखनाची नजर असते, त्यांनी ऱ्हस्व-दीर्घ पाहावं. कुणाकडे फोटो असतात. या वाचनालयात तर जुनी गॅझेटियर आहेत, तालुक्याचे इतिहास आहेत. संदर्भ शोधून देणारा माणूस तर आम्हाला सोन्यासारखा. आणि जो चावडीवर, म्हणजे सगळ्या सदस्यांच्या सामाईक चर्चेच्या पानावर, नवख्याच्या प्रश्नाला उत्तर देतो त्याचं काम कुणाहून कमी नाही.

आजची विनंती छोटी आहे. वाचनालयाने मागची संगणकाची खोली उघडी ठेवली आहे. खातं काढा. आपल्या तालुक्याचं, नदीचं, जवळच्या किल्ल्याचं, अशी आठ-दहा पानं निवडा आणि प्रत्येक पानाच्या वर असलेल्या चांदणीवर क्लिक करा. ती पानं तुमच्या निरीक्षणसूचीत जातील, आणि त्यांत झालेले बदल तुम्हाला एका जागी दिसतील. मग आठवड्यातून दोनदा सूची उघडून बघायची, पंधरा मिनिटं पुरतात. मराठी टंकलेखन येत नसेल तर अक्षरांतरणाची, म्हणजे इंग्रजी अक्षरं दाबून मराठी लिहिण्याची, सोय तिथेच आहे, ती मी दाखवते. आणि बदल उलटवावा की नाही असा संभ्रम पडला तर चावडीवर विचारा, आम्ही तिथे असतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ.