भाव वाढतो, भाग कधी वसतो?

मंडळी, आयोजकांनी विषय दिलाय, 'विकसित होणाऱ्या भागात घर घ्यावं का?' पुण्यात हा प्रश्न असा कुणी विचारत नाही. इथे विचारतात, "वाघोलीत घेऊन टाकू का?" किंवा "पुनावळे कसं वाटतं?" विचारणाऱ्याकडे दोन आकडे असतात, महागड्या बाणेरचा दर आणि नव्यानं वाढणाऱ्या वाघोलीचा दर. आणि एक युक्तिवाद असतो: बाणेरसुद्धा एके काळी असंच होतं.

होतं ना. मग बाणेरचंच बघू. बाणेर-बालेवाडी 1997 साली महापालिकेत आली. बालेवाडीत त्याआधीच, 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी, क्रीडासंकुल उभं राहिलं होतं. शेजारी आयटी पार्कची हिंजवडी वाढली, टॉवर आले, दर चढत गेले. आणि 2016 साली, म्हणजे गावं महापालिकेत येऊन 19 वर्षं झाल्यावर, पाणी पुरत नाही म्हणून मुंबई उच्च न्यायालयाला या भागातल्या नव्या बांधकाम परवानग्या थांबवाव्या लागल्या. ज्यानं स्वस्तात घेतलं होतं तो कागदावर श्रीमंत झाला होता, आणि सकाळी सोसायटीच्या गेटवर टँकरची वाट बघत होता. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या, एकाच वेळी.

माझं आज एवढंच म्हणणं आहे. भाव वाढणं आणि भाग वसणं यांची गती वेगळी असते. भाव वाढायला घोषणा पुरते. भाग वसायला जलवाहिनी, ड्रेनेज, रस्ता, शाळा, बस लागते. गुंतवणूकदाराला पहिली गोष्ट पुरते, राहणाऱ्याला दुसरीवाचून भागत नाही. शिवाय राहत्या घराचा भाव वाढून तुमच्या हातात काय येतं? ते विकलंत तर दुसरं तितकंच महाग घ्यावं लागतं. साइट ऑफिसमध्ये मात्र तुम्हाला राहणारा म्हणून सॅम्पल फ्लॅट दाखवतात आणि गुंतवणूकदार म्हणून दर पटवतात.

आता घोषणांचं वय किती असतं ते बघा. पुण्याच्या 1987 च्या विकास आराखड्यात एचसीएमटीआर नावाचा वर्तुळाकार उन्नत मार्ग आखलेला आहे. तो अजून कागदावरच आहे. पुरंदरच्या विमानतळाची घोषणा 2016 ची. नवी मुंबईच्या विमानतळाची कल्पना 1997 ची, आणि तिथून प्रवासी विमानं उडाली 25 डिसेंबर 2025 ला. तो झाला, हे खरंच. पण तो होईल म्हणून ज्यांनी पहिल्या काही वर्षांत उलव्या-पनवेलकडे घरं घेतली, त्यांचं वीस वर्षांचं कर्ज विमानाच्या आधी फिटलं असेल.

वाघोलीचंही तसंच. 30 जून 2021 ला 23 गावं महापालिकेत आली, त्यात वाघोली आहे. रामवाडीपासून पुढे वाघोलीकडच्या मेट्रोला केंद्राची मंजुरी मिळाली जून 2025 मध्ये, मुदत चार वर्षांची. ब्रोशरवर मेट्रोचं चित्र बघाल तर वाटेल आत्ताच उतरून आलोय. माझा हिशेब सरळ आहे. कागदावरच्या गोष्टीला एक रुपया जास्त द्यायचा नाही. खांब उभे असतील तर थोडे द्यावेत. गाडी धावत असेल तर ती दरात आलेलीच असते, तिथे घासाघीस करून उपयोग नाही.

पाण्यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण घर घेताना टाइल्सवर तासभर बोलणारे लोक पाण्याबद्दल एका वाक्यात समाधान मानतात. "पाणी चोवीस तास आहे." हो, नळाला आहे! टाकीत कुठून येतं ते विचारा. बोअरचं, टँकरचं की महापालिकेचं? अशा भागात बिल्डरनं हमीपत्र दिलेलं असतं, की महापालिकेचं पाणी येईपर्यंत मी माझ्या खर्चानं पुरवीन. सोसायटी स्थापन झाली, ताबा दिला, की हा खर्च हळूच मेंटेनन्समध्ये सरकतो. म्हणून ते हमीपत्र मागून वाचा, आणि पाच-सात वर्षं जुन्या शेजारच्या सोसायटीत जाऊन एप्रिल-मेचं टँकरचं बिल बघा. सेक्रेटरी दाखवतात, त्यांनाही कुणाकडे तरी बोलायचंच असतं.

आणि प्रश्न फक्त पैशांचा नाही. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्यालगत नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि संशय पिण्याच्या पाण्यावर आला. खडकवासला धरण तिथून हाकेच्या अंतरावर. धरण दिसतं म्हणून शुद्ध केलेलं पाणी मिळतंच असं नाही, त्यासाठी मध्ये जलशुद्धीकरण केंद्र लागतं.

रस्त्याचं थोडक्यात. समोरचा चोवीस मीटरचा डीपी रोड, म्हणजे विकास आराखड्यातला रस्ता, नुसता आखलेला आहे की त्याची जागा ताब्यात आलेली आहे, हे वेगळे प्रश्न आहेत. झोन दाखला काढा आणि रस्ता पायी चालून बघा, तो कुणाच्या उसाच्या शेतात संपत नाही ना. जमल्यास भर जुलैत जा. सप्टेंबर 2019 मध्ये आंबिल ओढ्याच्या आणि जुलै 2024 मध्ये एकतानगरीत मुठेच्या पुरानं जे दाखवलं, ते ओढे बुजवून वाढणाऱ्या प्रत्येक नव्या भागाला लागू आहे.

आता पैसे. समजा 75 लाखांचा, बांधकाम चालू असलेला फ्लॅट आहे. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क 7 टक्के म्हणजे सव्वापाच लाख, नोंदणी 30 हजार, जीएसटी 5 टक्के म्हणजे पावणेचार लाख. झाले नऊ लाख तीस हजार. घर बाईच्या नावावर असेल तर शुल्कात एक टक्का सूट आहे, ती जरूर घ्या. पण नाही तर भाव जवळपास साडेबारा टक्के वाढेपर्यंत तुम्ही फक्त मुद्दलावर येताय. 60 लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलंत, तर हप्ता 52 हजार. तसाच फ्लॅट त्याच गल्लीत 23-24 हजारांनी भाड्यानं मिळत असेल, तर आधी अकरा महिने भाड्यानं राहून का बघू नये? "भाडं म्हणजे पैसे वाया," असं आपल्याकडे घरोघरी ऐकवतात. बांधकाम रखडलं की हप्ता आणि भाडं दोन्ही भरणाऱ्यांना विचारा वाया कशाला म्हणतात ते.

एवढं सगळं बोलून मी 'घेऊ नका' म्हणत नाहीये. ज्यांची नोकरी वाघोलीशेजारच्या खराडीत आहे, मुलं अजून शाळेच्या वयाची नाहीत आणि हप्ता एका पगारात बसतो, त्यांनी वाघोलीत जरूर घ्यावं. दहा वर्षं तिथे काढायची त्यांची तयारी असते आणि गैरसोय त्यांना कमी बोचते. ज्यांना सत्तरीच्या आईवडिलांना घेऊन जायचंय आणि दवाखाना अर्ध्या तासावर आहे, त्यांनी त्याच पैशांत शहरातला लहान, जुना फ्लॅट बघावा. बुकिंग करणारच असाल, तर महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, साइटवर प्रकल्पाची मूळ तारीख आणि वाढवलेली तारीख, दोन्ही वाचा. करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांवर एक पैसाही मागता येत नाही, हा कायदा आहे. "ऑफर रविवारपर्यंतच आहे" म्हणणाऱ्याला तो शांतपणे सांगा.

(श्रोत्यांतून प्रश्न: मग नवीन घ्यावं की रिसेल?)

अशा भागात माझा कल रिसेलकडे. भोगवटापत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला, मिळालेल्या इमारतीतलं आठ-दहा वर्षांचं घर घेतलंत तर जीएसटी नाही, टँकरचा खर्च वहीत लिहिलेला असतो, भिंतींची ओल दिसते, लिफ्ट किती वेळा बंद पडते ते वॉचमन सांगतो. एकच गोष्ट तपासा, जमिनीचं कन्व्हेयन्स, म्हणजे मालकीचं हस्तांतर, सोसायटीच्या नावावर झालंय का. बऱ्याच ठिकाणी झालेलं नसतं, मग मानीव अभिहस्तांतरणाच्या, म्हणजे बिल्डर देत नसलेली मालकी सरकारी आदेशानं मिळवण्याच्या, मागे पुढची काही वर्षं जातात. झालेलं नसेल तर तेवढी किंमत पाडून मागा.