मशीनला चटका कळत नाही : शॉर्टवेव्ह डायथर्मी आणि सुरक्षितता

(दृश्य : फोंड्यातल्या एका इमारतीचा तळमजला. बाहेर जुलैचा पाऊस. खोलीत लाकडी पलंग, शेजारी चाकांवरचं मशीन, त्यातून निघालेल्या दोन जाड काळ्या केबल.)

फोंडा, म्हापसा, डिचोली, मडगाव. कुठल्याही फिजिओथेरपी क्लिनिकच्या दारात "शेक घ्यायला आलोय" असं सांगणारा रुग्ण भेटतोच. कुणाचा गुडघा झिजलेला, कुणाची कंबर धरलेली, कुणाचा खांदा आखडलेला. त्यांच्यापैकी अनेकांना मिळतो तो शॉर्टवेव्ह डायथर्मीचा शेक. रोजच्या बोलण्यात एसडब्ल्यूडी.

गरम पाण्याची पिशवी बाहेरून ऊब देते. हे मशीन ऊब शरीराच्या आतच तयार करतं. त्यातून निघणारं विद्युतचुंबकीय क्षेत्र सेकंदाला २ कोटी ७१ लाख २० हजार आवर्तनं पूर्ण करतं, म्हणजे २७.१२ मेगाहर्ट्झ. तरंगलांबी साधारण ११ मीटर. या क्षेत्रात सापडलेले क्षारांचे आयन आणि पाण्याचे रेणू सतत हलत राहतात आणि त्या हालचालीची उष्णता होते.

(दृश्य : मशीनचा दर्शनी भाग, जवळून. काटा हळूहळू उजवीकडे सरकतो.)

हा काटा नीट पाहा. रुग्णाचा गुडघा किती तापला, हे तो सांगत नाही. मशीनचं सर्किट आणि रुग्णाभोवतीचं सर्किट एकमेकांशी जुळलं की नाही, म्हणजे ट्यूनिंग झालं की नाही, एवढंच तो दाखवतो. आतल्या चरबीचं किंवा स्नायूचं तापमान मोजणारं काहीही या मशीनमध्ये नाही. डोस ठरतो तो रुग्णाला काय जाणवतं त्यावरून. म्हणून रुग्णाला ऊब नीट कळते का, आणि कळल्यावर तो वेळेत सांगेल का, याची खात्री झाल्याशिवाय तीव्रतेच्या नॉबला हात लावायचा नाही.

(दृश्य : दोन काचेच्या परीक्षानळ्या. एकीत कोमट पाणी, दुसरीत थंड.)

खात्री अशी करायची. एका नळीत ४० ते ४५ अंश सेल्सिअसचं पाणी, दुसरीत थंड. रुग्णाने डोळे मिटायचे. जिथे शेक द्यायचा तिथेच नळ्या आलटून पालटून टेकवायच्या, पण क्रम ठरलेला नको. दोनदा थंड, एकदा गरम, पुन्हा थंड. दर वेळी "गरम की थंड?" असं विचारायचं. मग तेच दुसऱ्या पायावर. उत्तर चुकलं किंवा रुग्ण घुटमळला, तर त्या जागी एसडब्ल्यूडी द्यायचं नाही.

गोव्यात या चाचणीला फाटा देणं परवडणारं नाही. आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या देशव्यापी अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यात मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळलं, २६.४ टक्के. जुना मधुमेह पायांच्या नसा बोथट करतो, आणि ही बधिरता रुग्णाच्या लक्षातही आलेली नसते. असा रुग्ण मशीन चालू असताना "काहीच लागत नाही, जरा वाढवा" म्हणतो, आणि तो खरंच सांगत असतो. त्याचा चटका तिथेच सुरू होतो.

(दृश्य : थेरपिस्ट रुग्णाशी बोलतेय. हातात केसपेपर.)

यानंतरचे प्रश्न. छातीत पेसमेकर आहे का? मेंदूत, मणक्यात किंवा कानात बसवलेलं कुठलं उपकरण? असेल तर हा उपचार नाही, कमी डोसमध्येही नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं आणि वैद्यकीय उपकरणांच्या नियामक संस्थेने, २००२ साली याविषयी इशारा दिला होता. मेंदूत स्टिम्युलेटर (विजेचे सूक्ष्म स्पंद देणारं उपकरण) बसवलेले दोन रुग्ण डायथर्मीनंतर दगावले होते. उपकरण बंद असलं, किंवा काढून टाकलं आणि फक्त त्याची तार आत राहिली, तरी धोका टळत नाही. तार ऊर्जा गोळा करते आणि तिच्या टोकाशी ऊती भाजतात. पेसमेकर असलेल्या नातेवाइकालाही या खोलीत बसवू नये.

"ऑपरेशन झालंय का?" असं मोघम विचारलं तर रुग्ण पोटाचं ऑपरेशन सांगतो आणि मांडीतला रॉड विसरतो. त्यापेक्षा असं विचारावं : "मावशी, कधी हाड मोडलं होतं का? बांबोळीच्या सरकारी इस्पितळात रॉड, प्लेट, स्क्रू काही घातलंय?" आणि मग व्रण स्वतः बघावा. कंबर किंवा ओटीपोटाच्या शेकाआधी बाईला कॉपर-टी आहे का, दिवस राहिलेत का, पाळी चालू आहे का, हे आडोशाला नेऊन विचारायलाच हवं. कर्करोग, पायातल्या शिरेत गुठळी, रक्तपुरवठा कमी असलेला पाय, नुकताच झालेला रक्तस्राव, ताप, रेडिएशन घेतलेली त्वचा, वाढत्या वयाच्या मुलांची हाडांची टोकं, डोळे, वृषण : इथे हे मशीन नाही.

(दृश्य : स्टीलची छोटी वाटी. त्यात बांगड्या, घड्याळ, काळ्या दोऱ्यातला ताईत.)

आता धातू. घड्याळ आणि बांगड्या सगळे काढतात. राहून जातात त्या कपड्यांखालच्या गोष्टी. पुरुषाच्या कमरेचा चांदीचा करगोटा, दोऱ्यातला तांब्याचा ताईत, पायातली जोडवी, गळ्यातला क्रूस, ब्लाउजच्या आतल्या बाजूची सेफ्टीपिन, पँटची झिप, अंतर्वस्त्राचे हूक. धातूजवळ क्षेत्र एकवटतं आणि नेमकी तेवढीच त्वचा भाजते. मंगळसूत्र काढायला एखादी बाई नाखूश असते. गुडघ्याचा शेक असेल तर ते लांब राहतं, मान-खांद्याचा असेल तर काढायलाच हवं. न काढल्यास त्या दिवशी दुसरा उपचार द्यावा. मोबाईल आणि श्रवणयंत्र मशीनपासून दूर ठेवायचं. ही स्टीलची वाटीसुद्धा पलंगावर नको, खोलीच्या दुसऱ्या टोकाला.

पलंग लाकडी हवा, आणि गादी स्प्रिंगची नको. लोखंडी खुर्ची, खिडकीचं गज, भिंतीवरचा नळ यांना रुग्णाचा हात-पाय लागणार नाही, एवढं अंतर हवं. लहान क्लिनिकमध्ये एकाच पडद्यापलीकडे दुसऱ्या रुग्णाला टेन्स किंवा आयएफटी (दुखणं कमी करायला सौम्य करंट देणारी मशीनं) लावलेलं असतं. पडदा क्षेत्राला अडवत नाही. पलीकडच्या मशीनचा करंट अचानक उसळू शकतो. मधे किमान ३ मीटर अंतर ठेवावं, किंवा एकावेळी एकच मशीन चालवावं.

(दृश्य : दोरीवर वाळत घातलेले टॉवेल. बाहेर पाऊस.)

गोव्याच्या पावसाळ्यात सगळ्यात जास्त फसवतो तो टॉवेल. जून ते सप्टेंबर कपडा वरवर कोरडा लागतो, आत ओल असते. पॅड (केबलच्या टोकाशी असलेली, क्षेत्र सोडणारी चकती) आणि त्वचा यांच्यात असा टॉवेल ठेवला की आधी त्यातलं पाणी तापतं आणि वाफाळलेला कपडा त्वचेला चिकटून राहतो. घामाचंही तेच. गुडघ्यामागची खळगी, काख, स्तनाखालची घडी इथे घामाचा थेंब साचतो आणि त्या थेंबाखाली गोल फोड येतो. त्वचा आधी पुसून घ्यायची, वर पंखा चालू ठेवायचा, आणि टॉवेल इस्त्री करून, हाताने दाबून बघूनच वापरायचा. स्कूटरवरून भिजत आलेल्या रुग्णाची ओली जीन्स वर दुमडून भागत नाही. ती उतरवून सुती कपडा द्यायचा. नायलॉनचे कपडे घाम शोषत नाहीत, तेही नकोत. पॅड आणि त्वचा यांच्यात अंतरासाठी ठेवायच्या फेल्टच्या चकत्या हवेतली ओल धरतात. त्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात.

(दृश्य : उजवा गुडघा. आतल्या आणि बाहेरच्या बाजूने दोन पॅड.)

मांडणी गुडघ्यावर पाहू. एक पॅड आतल्या बाजूने, दुसरं बाहेरच्या. पॅड गुडघ्याच्या रुंदीपेक्षा किंचित मोठं. त्वचेपासून अंतर २ ते ४ सेंटीमीटर, आणि दोन्ही बाजूंना सारखं. एक पॅड जवळ आलं तर उष्णता त्याच बाजूला साचते. तिरकं बसलं तर जवळची कड तापते. अंतर फारच कमी ठेवलं तर वरची त्वचा आणि चरबीच भाजते, खोलवर काही पोहोचत नाही. कंबरेसारख्या जागी दोन्ही पॅड एकाच बाजूला ठेवायची असतील, तर त्या दोहोंतलं अंतर त्यांच्या त्वचेपासूनच्या अंतरांच्या बेरजेपेक्षा जास्त हवं. नाहीतर क्षेत्र रुग्णाला वगळून हवेतूनच पलीकडे जातं.

चरबी जास्त असलेल्या रुग्णाला पॅडऐवजी ड्रम (आत तारेचं वेटोळं असलेला, एकाच बाजूने लावायचा डबा) बरा. पॅडच्या पद्धतीत चरबी जास्त तापते, आणि तिच्यात रक्तवाहिन्या कमी म्हणून ती उष्णता लवकर सोडत नाही. ड्रमचं चुंबकीय क्षेत्र पाणी आणि क्षार भरपूर असलेल्या स्नायूला जास्त तापवतं.

दोन्ही गुडघे एकत्र शेकायचे असतील तर मधे जाड कोरडा टॉवेल. हाडाला हाड टेकलं की तिथेच क्षेत्र गोळा होतं.

केबल एकमेकींना, रुग्णाला किंवा लोखंडाला लागता कामा नयेत, त्यांना वेटोळंही नको. समुद्राच्या खाऱ्या हवेत त्यांच्या टोकांवर हिरवट थर चढतो, रबराला चिरा जातात. सैल टोकाशी ठिणगी पडते. दर आठवड्याला केबल वाकवून, टोक काढून बघायचं. चिकटपट्टी लावलेली केबल वापरायची नाही.

(दृश्य : थेरपिस्टचा हात नॉबवर. नॉब शून्यावर.)

सुरू करण्याआधी रुग्णाला नेमक्या शब्दांत सांगायचं : "मंद, सुखावणारी ऊब लागली पाहिजे. चटका लागला, एकाच जागी टोचलं, किंवा आत खोलवर ठणकलं, तर लगेच हे बटण दाबा. हलू नका. झोपू नका." खोल ठणका हा शब्द मुद्दाम घ्यायचा. ऊब ओळखणारी टोकं मुख्यतः त्वचेत असतात. खालचा भाग जास्त तापतो तेव्हा तो गरम न लागता ठणकतो. बटण रुग्णाच्या हातातच द्यायचं, उशाशी नाही.

नॉब शून्यावर ठेवून मशीन चालू. जुन्या, व्हॉल्व्हच्या (निर्वात नळीच्या) मशीनला तापायला काही मिनिटं द्यायची. अगदी कमी तीव्रतेवर ट्यूनिंग. छोटी निऑन ट्यूब पॅडजवळ धरली की ती उजळते, म्हणजे क्षेत्र आहे. मग नॉब थोडा थोडा वाढवायचा आणि दर टप्प्याला थांबायचं. ऊब जाणवायला वेळ लागतो. घाईने वाढवलेली तीव्रता काही मिनिटांनी एकदम अंगावर येते.

पाच-सात मिनिटांनी रुग्ण बहुधा म्हणतो, "आता कमी लागतंय." त्वचेला ऊब सवयीची झालेली असते. आतलं तापमान उतरलेलं नसतं. इथे नॉब वाढवणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. "चटका लागल्याशिवाय गुण येत नाही" ही समजूतही मोडूनच काढली पाहिजे. जुन्या दुखण्याला १५ ते २० मिनिटं, मंद ऊब, एवढं पुरतं. त्यानंतरचा व्यायाम हाच खरा उपचार, शेक त्याची तयारी.

नुकतीच सूज आलेली असेल तर हा गरम शेक द्यायचा नाही. पल्स्ड पद्धत (ऊर्जा सलग न देता तुटक स्पंदांत देणं) वापरायची असेल तर आकडेमोड करावी. १५० वॅटचा स्पंद, ४०० मायक्रोसेकंदांचा, सेकंदाला २०० वेळा : सरासरी १२ वॅट. तोच सेकंदाला ८० वेळा : ४.८ वॅट. साधारण ५ वॅटखाली ऊब जाणवत नाही.

(दृश्य : थेरपिस्ट मागे सरकून खुर्चीत बसते. रुग्ण नजरेसमोर.)

थेरपिस्टने चालू मशीनच्या पॅडपासून आणि केबलपासून किमान १ मीटर, जागा असेल तर २ मीटर लांब थांबायचं, पण खोली सोडायची नाही. गरोदर थेरपिस्टने हे मशीन चालवू नये. पॅड सरकलं तर आधी शून्य, मग हात. रुग्ण हलला तरी तेच. आपोआप ट्यून होणारं मशीन बदललेल्या अंतरालाही स्वतःला जुळवून घेतं आणि ऊर्जा देत राहतं. वीज गेली तर नॉब लगेच शून्यावर, कारण वीज कधी येईल सांगता येत नाही.

(दृश्य : पॅड काढल्यावरची त्वचा. फिकट, एकसारखी लाली.)

संपल्यावर शून्य, बंद, मग पॅड काढणं. त्वचा एकसारखी फिकट गुलाबी असेल तर ठीक. एखादा गडद लाल किंवा पांढुरका ठिपका, कडक गाठ किंवा फोड दिसला, तर त्या जागेवर २० मिनिटं वाहतं गार पाणी सोडायचं. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही नाही. फोड फोडायचा नाही, डॉक्टरांना दाखवायचं. चरबीतला चटका कधी कधी उशिरा, घरी गेल्यावर गाठीच्या रूपात कळतो. म्हणून रुग्णाला सांगून ठेवायचं : "रात्री एकदा जागा बघा, काही वेगळं वाटलं तर उद्या शेकाआधी सांगा."

केसपेपरवर पॅड की ड्रम, मांडणी, अंतर, वेळ, रुग्णाने सांगितलेली ऊब आणि शेवटी त्वचा कशी होती, एवढं त्याच वेळी लिहायचं. पुढच्या वेळी दुसरी थेरपिस्ट असली, तरी ती हे वाचून मगच पॅड लावेल. परीक्षानळ्यांची चाचणी मात्र तीही आपली पुन्हा करेल.