पाड्याची ग्रामसभा

(दृश्य : भातसा जलाशय. कॅमेरा काठावरच्या वस्तीकडे वळतो.)

ठाणे आणि मुंबईच्या नळाला येणारं बरंचसं पाणी शहापूर तालुक्यातलं आहे. भातसा इथलंच, तानसाही इथलंच. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातं आहे. हा सगळा तालुका राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत, म्हणजे आदिवासी भागांसाठीच्या खास तरतुदीत येतो, आणि त्याच्या जोडीला भिवंडी आणि मुरबाडमधली काही गावंही. वारली, कातकरी, ठाकूर, कोळी महादेव या समाजांची ही भूमी. इथे आपल्या गावाचा कारभार आपल्या रीतीनं चालवण्याचा हक्क कायद्यानं दिलेला आहे. गेटवे ऑफ इंडियापासून दोन तासांच्या अंतरावर असा हक्क असलेली गावं आहेत, हे ठाण्यात राहणाऱ्या किती जणांना माहीत असेल?

या हक्काच्या मागे मोठा इतिहास आहे. १९३५ च्या कायद्याखाली इंग्रजांनी शहापूर, डहाणू, मोखाडा आणि उंबरगाव हे भाग 'अंशतः वगळलेले' ठरवले. म्हणजे नेहमीचे कायदे इथे सरसकट लागू होणार नाहीत, गव्हर्नर सांगेल ते होईल. आदिवासींच्या हाती त्यातून काही आलं नाही. वेठबिगारी चालूच राहिली. ती मोडली १९४५ च्या वारल्यांच्या उठावानं. पुढच्याच वर्षी संविधान सभेत आदिवासी नेते जयपालसिंग मुंडा उभे राहिले आणि म्हणाले, आदिवासींना लोकशाही शिकवायला जाऊ नका, ती त्यांच्याकडून शिका.

घटनेनं दोन वाटा काढल्या. आसाम, मेघालय, त्रिपुरा, मिझोरमसाठी सहावी अनुसूची : तिथल्या स्वायत्त जिल्हा परिषदा जमीन, जंगल, वारसा अशा विषयांवर स्वतः कायदे करतात. महाराष्ट्रासह बाकीच्या राज्यांसाठी पाचवी. तिच्यात अशी परिषद नाही. राज्यपालांचे विशेष अधिकार आहेत आणि सल्ला द्यायला एक जनजाती सल्लागार परिषद. शहापूरच्या माणसाच्या हाती प्रत्यक्ष काही यायला १९९६ साल उजाडावं लागलं. भुरिया समितीच्या शिफारशींवरून संसदेनं पेसा, म्हणजे पंचायतींची व्यवस्था अनुसूचित क्षेत्रांना लागू करणारा कायदा केला. महाराष्ट्राचे नियम यायला आणखी सतरा वर्षं गेली. ते आले मार्च २०१४ मध्ये.

(दृश्य : समाजमंदिराच्या ओट्यावर बसलेली सभा. बायका एका बाजूला, मध्ये नोंदवही.)

पेसाची सगळी ताकद गाव कशाला म्हणायचं, यात आहे. महसुली नकाशावरचं गाव हा कायदा धरून बसत नाही. आपल्या रूढी-परंपरेनं आपला कारभार पाहणारा एखादा पाडा किंवा पाड्यांचा समूहही त्याच्या लेखी गाव होऊ शकतो. शहापूरकडे एकेका गटग्रामपंचायतीत डोंगराच्या दोन्ही अंगांना पसरलेले पाडे असतात. पंचायतीच्या मोठ्या गावातल्या सभेला लांबच्या पाड्यावरची बाई रोजंदारी बुडवून कशी येणार? आली तरी तिचा विषय शेवटी, आणि तोवर सभा उठलेली. पाड्याची स्वतःची ग्रामसभा झाली की ती ओट्यावर बसून बोलते.

या सभेच्या हाती आहे तरी काय? मोह, हिरडा, डिंक यांसारख्या गौण वनोपजाची मालकी. दारूच्या दुकानाला हो किंवा नाही म्हणणं, सावकारीवर लगाम, आठवडी बाजार, बेकायदा गेलेली आदिवासीची जमीन परत मिळवणं. घरकुलाचे लाभार्थी ग्रामसभा निवडते, आणि पंचायतीनं पैसे कशावर खर्च केले याचं प्रमाणपत्रही तिच्याकडूनच घ्यावं लागतं. सरपंचपद आदिवासींसाठी राखीव. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधीही, म्हणजे कशावर खर्चायचा ते गावानं ठरवायचा पैसा, थेट येऊ लागला.

आणि परंपरा. वारली लग्न धवलेरी लावते. विधवा किंवा सवाष्ण बाई, धवळे म्हणजे लग्नाची गाणी गाणारी. भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक, म्हणजे चौकोनी चित्र लिहिलं जातं, त्यात लग्नाची देवी पालघट बसते आणि मग लग्न लागतं. रूढी, सांस्कृतिक ओळख आणि भांडणं मिटवायची जुनी पद्धत जपायला ग्रामसभा सक्षम आहे, असं पेसात लिहिलेलं आहे. आमच्या मते हा त्या कायद्यातला सर्वांत मोलाचा शब्दबंध आहे. वनोपजाची मालकी सरकार देऊ शकतं, आपला देव आपण बसवण्याचा अधिकार मात्र आधीपासूनच होता. कायद्यानं तो मान्य केला.

(दृश्य : कातकरी वाडी, जानेवारी. कुडाच्या घरांची दारं तारेनं बांधलेली.)

आता ही वाडी पाहा. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं पोराबाळांसह वीटभट्टीवर निघतात. मालकाची उचल सणासुदीलाच घेतलेली असते, ती फेडायला पावसाच्या तोंडापर्यंत तिथेच राहायचं. ग्रामसभांचे ठरलेले दिवस आहेत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. पहिल्या दोन सभांना ही वाडी भट्टीवर असते. लाभार्थ्यांची यादी त्या दिवशी ठरली, तर तिच्यात या घरांची नावं कोण सांगणार? ज्याला हक्काची गरज सर्वांत जास्त, त्याच्याच गैरहजेरीत सभा भरते, याचा आम्हाला राग येतो.

पाण्याचंही तसंच. पेसा पंचायतीला छोट्या पाणवठ्यांचं नियोजन देतो. भातसा त्यात बसत नाही. म्हणून धरणाच्या तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात आणि त्यांच्या ग्रामसभेला जलाशयाबद्दल एक शब्दही ठरवता येत नाही. स्वशासनातली ही सर्वांत मोठी उणीव आहे.

(दृश्य : येऊरची चढण, मागे ठाण्याच्या इमारती.)

ठाण्याला लागूनच्या येऊरच्या डोंगरावर, पाटोणापाड्यात, जांभूळपाड्यातही वारली राहतात. पण हे पाडे महापालिकेच्या हद्दीत, अनुसूचित क्षेत्राच्या बाहेर. वनजमिनीसाठी २००६ च्या वनहक्क कायद्याचा आधार आहे, पेसाची ग्रामसभा नाही. शहर आणखी पुढे सरकतं आहे. समृद्धी महामार्ग शहापूर ओलांडून भिवंडीतल्या आमण्यापर्यंत आला आहे. पेसा हा पंचायतींचा कायदा. गावाची नगरपंचायत झाली की त्याचा आधारच जातो. अनुसूचित क्षेत्रातल्या शहरांसाठी वेगळा कायदा लागेल हे घटनेलाही अपेक्षित होतं. २००१ मध्ये तसं विधेयक संसदेत आलं, त्याचा कायदा झाला नाही. तो व्हायला हवा, आणि आमण्याच्या आसपासची गावं शहर होण्याआधी व्हायला हवा.

ज्या पाड्यांना स्वतंत्र गाव व्हायचं आहे, त्यांना मात्र थांबायचं कारण नाही. पाड्यातल्या निम्म्याहून अधिक मतदारांनी ठराव करायचा आणि तो महसूल अधिकाऱ्यांकडे द्यायचा. सभा बोलवायची ती भात लावणी उरकल्यावर आणि दिवाळीच्या आधी. तेव्हा भट्टीवर कुणी गेलेलं नसतं.