आधी सोफे हलवा

मंडळी, पत्रिकेत आजचा विषय छापला आहे, ‘वैदर्भीय लोकगीत आणि अकूस्टिक बँड : चाल गिटारवर कशी बसवावी’. अकूस्टिक म्हणजे विजेच्या वाद्यांशिवाय, लाकडी गिटार-ढोलकीवर वाजणारा. त्यावर बोलणारच आहे. पण चाल बसवण्याआधी माणसं कुठं बसतात ते पाहावं लागतं, आणि नागपुरात तो प्रश्न सोफ्यांपाशी येऊन अडतो.

लॉन घ्या, शाळेचं मैदान घ्या, सोसायटीची कोजागिरी घ्या. मांडणी ठरलेली. चार फूट उंच स्टेज. त्याच्यापुढं दहा फूट मोकळी जागा, कारण फोटोग्राफरला फिरायला पाहिजे. मग पांढऱ्या कव्हरचे सोफे, समोर टीपॉय, टीपॉयवर पाण्याच्या बाटल्या आणि काजूची प्लेट. त्यामागं ‘राखीव’ लिहिलेल्या खुर्च्यांच्या दोन रांगा. त्यामागं माणसं. दीपप्रज्वलन होतं, शाल-श्रीफळ होतं, पाहुण्यांना पुढचा कार्यक्रम असतो, ते उठतात. त्यांच्यासोबत राखीव रांगाही उठतात. मग बँड येतो आणि रिकाम्या सोफ्यांना गाणं ऐकवतो. (हशा) हसा, पण आज पहिल्या रांगेत बसलेल्यांनी जरा जपून हसा.

आता याचा हिशेब करू. उघड्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलनं उतरतो. वरच्या मांडणीत खरा ऐकणारा गिटारपासून 24 फुटांवर बसलेला असतो. त्याला 6 फुटांवर आणलं, तर 24 चे 12 आणि 12 चे 6, म्हणजे 12 डेसिबल फुकट मिळाले. हेच 12 डेसिबल स्पीकरमधून काढायचे तर सोळापट वॅट लागतात. ‘मोठा सेट लावा’ म्हणून आयोजक भाड्याचे पैसे मोजतो. सोफे उचलायला दोन पोरं पुरतात. बंद सभागृहात भिंतींवरून आवाज परततो म्हणून फरक इतका पडत नाही. पण तिथं शब्दांचा चुराडा होतो, तेव्हा जवळ बसण्याचा फायदा तिथंही आहेच.

स्टेज चार फूट नको, एक-दीड फूट पुरे. स्टेजपासून पाच-सहा फुटांवर सतरंजी टाका, तिच्यामागं खुर्च्यांचा अर्धगोल करा, सोफे दोन्ही बाजूंना तिरपे लावा. पाहुण्यांचा मान राहतो, गुडघे दुखणाऱ्यांची सोय होते, आणि पाहुणे गेले तरी समोर खिंडार पडत नाही. सुरेश भट सभागृहासारखी दोन हजारांची जागा चार जणांच्या बँडला मुळात लागतच नाही. दीडशे माणसं आणि एक सतरंजी, हे त्यांचं खरं माप.

लांबून काय होतं पाहा. तिसऱ्या गाण्याला मागून हाक येते, “भाऊ, गिटार आयकूच नाही येऊन राहिली!” साउंडवाला फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी, वर करतो. लगेच ‘हूंऽऽ’ सुरू होतं. तो फेडर खाली करतो, मागून पुन्हा हाक. असं चार वेळा झालं की बँडमधला कोणी तरी पुढच्या कार्यक्रमाला इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रमसेट आणायचं ठरवतो. आपल्याकडचे किती अकूस्टिक बँड असे वर्षभरात संपतात!

हा ‘हूं’ येतो कुठून? गिटारचं पोट ही हवेची पेटी आहे. साध्या ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या पोटाच्या, गिटारीत ती हवा 100 हर्ट्झच्या आसपास आपोआप घुमते आणि वरची फळी 200 च्या आसपास. समोरचा मॉनिटर, म्हणजे वाजवणाऱ्यांकडं तोंड केलेला स्पीकर, तोच आवाज पोटात ढकलतो, पिकअप, म्हणजे गिटारचा आवाज टिपणारा तुकडा, तो उचलतो, मॉनिटर पुन्हा ढकलतो. म्हणून आधी साउंड होलवर, म्हणजे गिटारच्या भोकावर, रबरी झाकण बसवा. मग मिक्सरवर गिटारच्या चॅनलला लो-कट (अगदी खालचे सूर कापणारं बटण) लावा आणि 100 व 200 ची ती दोन ठिकाणं बारीक छाटा. प्रीअँपवर, म्हणजे गिटारमधल्या आवाज वाढवणाऱ्या सर्किटवर, फेजचं (आवाजाची लाट उलटी करणारं) बटण असेल तर एकदा दाबून पाहा, अर्ध्या वेळा तेवढ्यानंच भागतं. सगळा बास उडवू नका. मग गिटार खराट्यासारखी वाजते.

दुसरी तक्रार, ‘गिटार प्लास्टिकची वाटते’. ब्रिजच्या, म्हणजे तारा खाली जिथं बांधतात त्या पट्टीच्या, हाडाखाली जी पिएझो पट्टी (कंपनाची वीज करणारा पिकअप) असते, तिला पुढं निदान 1 मेगाओम इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा) लागतो. मिक्सरच्या लाइन इनपुटला तो साधारण 10 किलोओम असतो. प्रीअँप नसलेली पट्टी थेट तिथं खुपसली की खालचे सूर गळतात आणि नुसता टकटकाट उरतो. उपाय म्हणजे अॅक्टिव्ह डीआय बॉक्स, गिटार आणि मिक्सरच्या मधली एक छोटी डबी. गिटारपासून डीआयपर्यंत केबल वीस फुटांच्या आत ठेवा, तिथून पुढं एक्सएलआर, म्हणजे माइकची तीन पिनांची केबल, कितीही लांब न्या. डीआय नसेल तर बफर (सिग्नल तगडा करणारं सर्किट) असलेला ट्यूनर पेडल मध्ये टाकला तरी बरंच सावरतं. गिटारमध्ये प्रीअँप असेल तर 9 व्होल्टचा सेल जॅक लावलेला असेपर्यंत खर्च होत राहतो, वाजवा किंवा नका वाजवू. भाषणं चालू असताना जॅक काढून ठेवा. पण काढण्याआधी चॅनल म्यूट करायला सांगा, नाही तर अध्यक्षांच्या भाषणात बॉम्ब फुटतो. (हशा)

भाषणांवरून आठवलं, पोडियमचा माइक! सूत्रसंचालन संपलं तरी तो चालूच असतो. उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टी न येता आवाज वाढवायची मुभा 3 डेसिबलनं घटते. चार जणांच्या बँडला आठ माइक लावले आणि पोडियमचे दोन उघडे राहिले, की निम्मी लढाई सुरुवातीलाच हरली. दोन गायकांचे दोन माइक, गिटारचा डीआय, ढोलकीला एक माइक. बास. खंजिरीला माइक देऊच नका. तिच्या झांजा इतक्या टोकदार असतात की गाणाऱ्याच्या माइकमध्ये त्या आपणहून शिरतात. तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांच्या या मुलखात खंजिरी ऐकू येत नाही अशी तक्रार कोणी करू नये.

आणि गायकांनी माइकची जाळी मुठीत धरू नये. जाळीखालच्या फटी झाकल्या की एकदिश माइक चहूबाजूंचं ऐकायला लागतो आणि किंचाळतो. साधा कार्डिऑइड माइक (समोरचं ऐकणारा, पाठीमागं बहिरा) असेल, एसएम फिफ्टीएटसारखा, तर मॉनिटर बरोबर त्याच्या पाठीशी ठेवा. सुपरकार्डिऑइड (समोरचं आणखी अरुंद, पण पाठीमागचंही थोडं ऐकणारा) असेल तर पाठीशी नको, मागच्या दोन्ही कोपऱ्यांकडे सरकवा. हे न पाहता ‘माइकच खराब आहे’ म्हणून भांडणारे पुष्कळ.

अमेरिकेत न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात 1965 साली गायक बॉब डिलन इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला आणि गोंधळ झाला, ही गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. लोकगायक पीट सीगर पुढं सांगत, की त्यांचा राग विजेवर नव्हता, आवाज इतका फाटला होता की शब्द कळत नव्हते, म्हणून ते चिडले होते. फोक-रॉकचं ते गाजलेलं भांडणही, निदान त्यांच्या बाजूनं, साउंडचंच होतं. तिथं सोफे होते की नाही, कळायला मार्ग नाही. (हशा)

आपला उन्हाळा वेगळं प्रकरण. लाकडी गिटारला 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. मे महिन्यात आपल्याकडे हवा ठणठणीत कोरडी, पारा 45 च्या घरात. फळी आकसते, फ्रेटची, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांची, टोकं बोटांना टोचू लागतात, ब्रिजजवळ चीर जाऊ शकते. बंद गाडीत गिटार ठेवली तर डिंक मऊ होऊन ब्रिज उचलला जातो. बारा नंबरच्या तारा त्याला जवळजवळ 70-75 किलोनं ओढत असतात. मग कार्यक्रमाच्या हॉलमध्ये काय असतं? खसचे पडदे लावलेले दोन मोठे कूलर. त्यांच्या ओल्या झोतात लाकूड फुगतं, फळी वर येते, गिटार थोडी चढते. त्याच ओलीनं ढोलकीचं कातडं सैल पडून उतरतं. दोघं शेजारी बसून विरुद्ध दिशांना निघतात आणि गायक मधल्या मधे लटकतो. कूलर स्टेजकडं नको, श्रोत्यांकडं तोंड करून लावा. वाद्यं अर्धा तास आधी उघडून हॉलमध्ये ठेवा, मगच सूर लावा. कूलरची घरघर माइकमध्ये येते ती वेगळीच.

चिठ्ठी आली आहे. ‘सात मिनिटं.’ बरं. आता मुख्य विषय.

सूर आधी पेटीशी, म्हणजे हार्मोनियमशी, जुळवा. पेटीचे स्वर स्टेजवर हलत नाहीत, जुन्या पेट्या 440 हर्ट्झच्या प्रमाण सुराला असतीलच असं नाही. ट्यूनरचं माप पेटीच्या धैवताला, म्हणजे पांढरी सहाला, लावून घ्या. गाणारी बाई ‘काळी चार’ (पेटीची चौथी काळी पट्टी हा सा) म्हणाली की गिटारवाल्यानं घाबरू नये. पहिल्या घरावर कॅपो (तारा दाबणारा चिमटा) लावा : सी चे शेप (बोटांची ठेवण) धरले तर काळी एक, डी चे धरले तर काळी दोन, जी चे तर काळी चार, ए चे तर काळी पाच. काळी तीनसाठी ई चे शेप आणि कॅपो दुसऱ्या घरावर.

कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) कमी ठेवा. आपल्या गाण्यांत बाई एकाच ओळीत कोमल आणि शुद्ध असे दोन्ही गंधार घेते. तुम्ही मेजर, म्हणजे शुद्ध गंधाराची कॉर्ड, धरून बसलात तर तिच्या एका गंधाराशी भांडण ठरलेलं. सा आणि प एवढेच धरा. त्यासाठी डी-ए-डी-जी-ए-डी हे ट्यूनिंग सोयीचं. सा पांढरी दोनवर येतो, खालच्या तारा तंबोऱ्याचं काम करतात.

ओवी साडेतीन चरणांची. गिटारवाले ती चार बारमध्ये (तालाच्या खणांत) कोंबतात, शेवटी अर्धा बार रिकामा पडतो, तो भरायला लिक, म्हणजे गिटारचा छोटा तुकडा, वाजवतात. नका वाजवू. शेवटचा चरण आखूड आहे तिथंच वळा, पुढची ओवी लगेच उचला. जात्यावर तशीच उचलली जाते.

भजनी ठेक्यावर रॉकच्या सवयीनं दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर थाप मारू नका. ढोलकीचा जोर जिथं पडतो तिथं अंगठ्यानं बास तार द्या, वरच्या तारा हलक्या. पोळ्याच्या झडत्यांत (बैलांपुढं एकानं म्हणायच्या ओळींत) तर गिटारनं सांगणाऱ्याच्या ओळीला गप्पच राहावं आणि जमावाचा होकार आला की त्याच्यावर पडावं. तो जमाव सहा फुटांवर बसलेला असेल तरच होकार येतो, हे लक्षात घ्या. भुलाबाईच्या, म्हणजे मुलींच्या खेळाच्या, गाण्यांतही कडवं एकीनं म्हणायचं, बाकीच्यांनी उचलायचं. स्टेजवरच्या दोघींनी दोन्ही म्हटलं तर अर्धं गाणं गेलं.

कोजागिरीचं एक. उघड्यावर रात्री 10 नंतर लाउडस्पीकर चालत नाही, 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. सरकार काही ठरावीक दिवस बारापर्यंत सवलत देतं, ती तुमच्या तारखेला आहे का ते आधी विचारा. नसेल तर जोरकस गाणी 10 च्या आत उरका आणि दूध आटेस्तोवर माइकशिवाय गच्चीवर वाजवा. तिथं सोफे चढवता येत नाहीत, हे बरंच आहे.

हक्कांचं एका वाक्यात : पारंपरिक गाणं सगळ्यांचं, पण कॅसेटवर कोणी नव्यानं बांधलेली चाल त्याची असते. कोणत्या गावात कोणाकडून गाणं मिळालं ते स्टेजवरून सांगा.

घंटा झाली. ढोलकीच्या माइकचं राहिलं, ते चहाच्या वेळी विचारा. डीआय बॉक्स इथं टेबलावर आहे, हात लावून बघा. फक्त फँटम (मिक्सरकडून केबलमधून येणारी वीज) चालू असताना वायर ओढू नका.