साठ-शून्य

[दृश्य: शाळेच्या फाटकाबाहेरची रांग]

रविवार, 10 नोव्हेंबर 2024. मॉरिशसची सार्वत्रिक निवडणूक. वर्गातले बाक भिंतीला लावलेत, मध्ये मतपेटी. रांगेत बिहारी आहेत, तमिळ आहेत, आफ्रिकी मुळांचे क्रिओल आहेत; कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेलेल्या आपल्या माणसांची नातवंडं-पतवंडंही आहेत.

[दृश्य: मतपत्रिका, जवळून]

ही मतपत्रिका नीट बघा. इथं एक नाही, तीन फुल्या मारायच्या. मुख्य बेटावर 20 मतदारसंघ, प्रत्येकातून तीन खासदार. रॉड्रिग्ज बेटाचे दोन. एकूण 62. दोनच फुल्या मारून आलात तर मत बाद! तिन्ही फुल्या एकाच गटाला दिल्या, की इथले लोक म्हणतात 'ब्लॉक'. वारं फिरलं की बेटभर ब्लॉक पडतो आणि हरणाऱ्याला भोपळाही फोडता येत नाही. 1982 मध्ये असंच झालं, 1995 मध्येही.

[दृश्य: हातातला मोबाइल]

2024 मध्ये वारं फिरवलं ते मिशीनं. 'मिस्ये मुस्तास', म्हणजे मिशीवाले साहेब, या नावानं ऑक्टोबरात नेत्यांची, अधिकाऱ्यांची चोरून टेपलेली संभाषणं फिरू लागली. सरकारनं समाजमाध्यमंच बंद केली. ओरड एवढी झाली, की बंदी लगेच मागे घ्यावी लागली. महागाई तर आधीपासूनच होती.

[दृश्य: मतमोजणी केंद्राबाहेर लाल आणि जांभळे झेंडे]

मोजणी दुसऱ्या दिवशी. नवीनचंद्र रामगुलाम यांची विरोधी आघाडी : मुख्य बेटावरच्या 60 पैकी 60. पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ स्वतःच्या मतदारसंघातही पडले. 1982 मध्ये नवीनचंद्रांचे वडील, तेव्हाचे पंतप्रधान शिवसागर रामगुलाम, असेच पडले होते. त्यांच्या जागी पंतप्रधान झाले ते प्रविंदचे वडील अनिरुद्ध.

[दृश्य: नाचणारी गर्दी, आवाज तसाच ठेवावा]

आता हा आकडा ऐका. हरलेल्या आघाडीला साधारण 27 टक्के मतं होती. म्हणजे चारातल्या एकाहून जास्त. थेट निवडून आलेला खासदार : एकही नाही. या 62 शिवाय काही जागा 'बेस्ट लूझर', म्हणजे हरलेल्यांतले सर्वात पुढचे, म्हणून समाजवार भरतात, त्यासाठी उमेदवारी अर्जातच आपला समाज लिहावा लागतो. निवडणुकीनंतर विरोधी पक्षनेते झालेले जो लेजॉनगार सभागृहात आले ते याच दारातून.

नव्या सरकारनं चागोस बेटं ब्रिटनकडून मॉरिशसकडे देण्याचा करार पुन्हा चर्चेला घेतला. मे 2025 मध्ये त्यावर सह्या झाल्या.

[दृश्य: रस्त्याच्या कडेला शिडी. एक माणूस खांबावरचे, जगन्नाथांच्या पक्षाचे नारिंगी झेंडे सोडवतोय, खाली दुसरा ते पोत्यात कोंबतोय.]