शाळेत फ्रेंच, घरी मराठी: ऑन्टॅरिओतल्या इमर्शन वर्गाबद्दल थोडं

नमस्कार मंडळी. एवढ्या थंडीत रविवारची दुपार काढून आलात, बरं वाटलं. मी इथे कॅनडात, ऑन्टॅरिओ प्रांतात एका सरकारी शाळेत फ्रेंच इमर्शनच्या पहिली-दुसरीला शिकवते, फ्रेंच मी पुण्यात शिकले आणि इथे येऊन बी.एड. केलं, त्यामुळे गणपती असो की संक्रांत, मंडळात कोणी ना कोणी आईबाबा मला बाजूला घेऊन विचारतातच की ताई, मुलाला इमर्शनला घालू का. आणि त्याला जोडूनच दुसरा प्रश्न येतो, मग घरी मराठी कमी करू का, पोराच्या डोक्यात तीन भाषांचा गोंधळ होईल ना. मी आज बोलायला हो म्हटलं ते या दुसऱ्या प्रश्नासाठी. कमी करू नका. अजिबात नको.

आधी एक घोळ मिटवते. फ्रेंच शाळा आणि फ्रेंच इमर्शन हे वेगळं आहे. ऑन्टॅरिओत पूर्ण फ्रेंच बोर्डं, म्हणजे शाळा चालवणारी मंडळं आहेत, पब्लिक आणि कॅथलिक दोन्ही, ती मुख्यतः ज्यांच्या घरात फ्रेंच आहे त्यांच्यासाठी, 1982 च्या चार्टरच्या, म्हणजे कॅनडाच्या मूलभूत हक्कांच्या सनदेच्या, कलम 23 ने त्यांना तो हक्क दिलाय. इमर्शन म्हणजे इंग्लिश बोर्डाच्या शाळेत, ज्यांच्या घरी कोणालाच फ्रेंच येत नाही अशा मुलांसाठी काढलेले फ्रेंचमधून शिकवायचे वर्ग. म्हणजे तुमच्याआमच्या मुलांसाठीच. फी नाही. आठवी संपेपर्यंत किमान 3800 तास फ्रेंचमधून शिक्षण व्हावं असा प्रांताचा नियम आहे, साध्या कोअर फ्रेंचला, म्हणजे फ्रेंच हा नुसता एक विषय असतो तिथे, हेच 600 तास असतात. बाकी कधी सुरू करायचं ते बोर्डागणिक बदलतं, टोरंटोत एसके म्हणजे सीनियर केजीपासून सगळं फ्रेंचमध्ये आणि इंग्लिश चौथीत येतं, टोरंटोशेजारच्या पीलमध्ये पहिलीपासून निम्मं-निम्मं आणि जागांसाठी लॉटरी.

हे सगळं सुरू झालं ते मात्र पालकांमुळे, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मॉन्ट्रियलच्या शेजारी सेंट लॅम्बर्ट नावाचं गाव आहे, तिथल्या इंग्लिश बोलणाऱ्या आयांच्या लक्षात आलं की आपली पोरं शाळेत वर्षानुवर्षं फ्रेंच शिकतात आणि शेजारच्या मुलाशी दोन वाक्यं धड बोलू शकत नाहीत, मग त्या बोर्डाच्या मागे लागल्या, बोर्ड नाही म्हणालं, त्या परत गेल्या, आणि शेवटी 1965 मध्ये प्रयोग म्हणून बालवाडीचा एक वर्ग मिळाला, 26 मुलांचा. मॅकगिल विद्यापीठाच्या वॉलेस लॅम्बर्ट आणि रिचर्ड टकर यांनी त्या मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. इंग्लिश वाचन सुरुवातीला थोडं मागे पडायचं, ते शिकवायला लागले की भरून निघायचं. गणितात फटका नाही. आणि फ्रेंच, कोअरवाल्या मुलांपेक्षा कितीतरी पुढे. तुमच्यातले जे म्हणतायत ना की इंग्लिश कच्चं राहील, त्यांना माझं उत्तर हेच, ही भीती तेव्हाही होती, आणि ती तपासून झालीये.

आता वर्गात चला. पहिलीचा सप्टेंबर. पोरांना फ्रेंचचं एक अक्षर येत नाही आणि मी इंग्लिशमध्ये बोलत नाही. सगळ्यात आधी पाठ होणारं वाक्य म्हणजे, मादाम, एस्क झ प्यू आले ओ त्वालेत, म्हणजे टॉयलेटला जाऊ का, कारण ते अडीअडचणीचं आहे. पण खरी भाषा रुजते ती डिसेंबरात, मधल्या सुट्टीच्या आधी, दाराजवळच्या त्या हुकांपाशी. वीस पोरांना बाहेर जायचंय, बाहेर बर्फ, आणि कपड्यांचा क्रम चुकला की सगळं पहिल्यापासून. आधी स्नोपँट, मग बोत म्हणजे बूट, मग मान्तो म्हणजे कोट, मग त्यूक म्हणजे लोकरी टोपी, आणि मितेन म्हणजे हातमोजे सगळ्यात शेवटी, कारण एकदा मितेन चढवले की चेन लावता येत नाही. मी एकेक वस्तू हातात धरून म्हणते, पोरं मागून म्हणतात, आणि आठवड्याभरात तीच एकमेकांना ओरडून सांगायला लागतात, नों, ले मितेन आ ला फँ, नाही, मितेन शेवटी! पुस्तकातला एकही धडा हे करू शकत नाही. गरज असली की भाषा चिकटते.

मधल्या सुट्टीत मात्र सगळी इंग्लिशवर येतात, हे मान्य करायला हवं. आणि बोलण्यातल्या चुकाही राहतात. सहावी-सातवीतली मुलं फ्रेंच ऐकून जवळपास सगळं समजतात, पण बोलताना स्त्रीलिंगी-पुल्लिंगी चुकवतात, मोठ्या माणसालाही तू म्हणतात, कारण वर्गात तेच कानावर पडतं. रॉय लिस्टर आणि लैला रांता या संशोधकांनी 1997 मध्ये अशाच वर्गांवर काम केलं, त्यात दिसलं की मुलाचं वाक्य बाईंनी नुसतं दुरुस्त करून परत म्हटलं तर बऱ्याचदा मुलाच्या ते लक्षातही येत नाही, त्यालाच परत विचारून त्याच्याकडून काढून घेतलं तर जास्त उपयोग होतो. मी तेच करते. थांबते, भुवया उंचावते, आणि पोरगं स्वतःच सुधारतं.

इथे आपली मुलं कुठे असतात? आपल्याकडे नदी ती आणि डोंगर तो, शिवाय पुस्तक ते आहेच, त्यामुळे टेबलाला लिंग असतं म्हटल्यावर मराठी बोलणारं पोर डोळे विस्फारत नाही. पण मुद्दा याहून मोठा आहे. टोरंटोचे भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स 1979 पासून सांगत आलेत की मुलाच्या भाषा आतून एकमेकींना जोडलेल्या असतात, एका भाषेत पक्की झालेली समज दुसरीत वापरता येते. गोष्ट क्रमाने सांगणं, कारण देणं, पुढे काय होईल याचा अंदाज बांधणं, हे मूल ज्या भाषेत आधी शिकलं त्या भाषेतून ते पुढे नेतं.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. दुसरीत गोष्ट सांगायचा तास होता आणि आपल्यातलीच एक मुलगी उठली नि चिऊ-काऊची गोष्ट फ्रेंचमध्ये सांगायला लागली. काऊचं घर शेणाचं. शेणाला शब्द येईना, तिने मला विचारलं, मी बूझ सांगितला आणि वर्ग खदखदून हसला, पण ती थांबली नाही, पाऊस आला, काऊचं घर वाहून गेलं, काऊ दार वाजवतोय आणि चिऊ म्हणतेय थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते. प्रत्येक वेळी दार वाजवताना तिचा आवाज बदलत होता. क्रियापदं निम्मी चुकली. पण इतकी लांब, इतकी नीट बांधलेली गोष्ट त्या दिवशी दुसऱ्या कोणी सांगितली नाही. ती बांधणी तिला मी दिलेली नव्हती, तिच्या आजीने दिलेली होती, व्हॉट्सअॅप कॉलवर, मराठीत.

म्हणून जे विचारतात की आम्हाला फ्रेंच येत नाही, अभ्यास कसा घेणार, त्यांना मी सांगते की फ्रेंच तुम्ही शिकवूच नका. गूगल ट्रान्सलेट घेऊन मुलाच्या शेजारी बसू नका. त्याला ते पुस्तक मोठ्याने वाचू दे, तुम्ही ऐका, आणि मग मराठीत विचारा, काय झालं रे गोष्टीत, ते अस्वल असं का वागलं, तू असतास तर काय केलं असतंस. दिक्तेचे म्हणजे श्रुतलेखनाचे शब्द असतील तर ते त्याला स्वतःला मोठ्याने म्हणून लिहू दे. बाकी रोज रात्री मराठीत वाचा, बोला, भांडा. घाईघाईने मोडकं इंग्लिश बोलण्यापेक्षा भरलेलं मराठी बोलणाऱ्या घरातलं मूल वर्गात जास्त पुढे जातं, असं माझं मत आहे आणि ते दरवर्षी पक्कं होतं.

एक गोष्ट मनाला लागते तीही बोलते. आपल्यातले काही जण इमर्शनला घालतात ते फ्रेंचसाठी नाही, तर तिथे "चांगली मुलं" असतात म्हणून. हे बरोबर नाही. ज्यांना जास्त मदत लागते ती मुलं मग इंग्लिश वर्गांत साठत जातात, एकाच इमारतीत दोन शाळा तयार होतात, आणि याची चर्चा कॅनडात कित्येक वर्षं चाललीये. फ्रेंच हवं असेल तर या, दुसऱ्याच्या मुलापासून लांब जायला येऊ नका.

आणि शेवटचं, ज्यांचं मूल वाचायला अडखळतंय त्यांच्यासाठी. इमर्शनमधून इंग्लिश वर्गात जाता येतं, परत येणं अवघड असतं. वाचनाचा मूळ त्रास असेल तर तो इंग्लिशमध्येही येणारच, भाषा बदलून तो जात नाही. तेव्हा काढायच्या आधी बाईंना भेटा, शाळेत कुठली मदत मिळू शकते ते विचारा, आणि ती मदत मिळेपर्यंत विचारत राहा.