दर तासाला दहा सेकंद

[काळोख. यंत्राचा हिरवा दिवा. मोटरची बारीक घरघर.]

रात्रीचे तीन वाजलेत. स्टुटगार्टजवळच्या या फ्लॅटमध्ये दादा, वहिनी आणि पुतणी गाढ झोपलेत. जागी आहे ती ही मोटर. नऊ-साडेनऊ सेकंद फिरली आणि थांबली. तेवढ्यात सव्वासहा मिलिलिटर पाणी नळीतून दादाच्या समुद्री मत्स्यालयाकडे सरकलं. अर्ध्या तासाने शेजारची मोटर दुसऱ्या कॅनमधलं तेवढंच पाणी सोडेल.

[निळा उजेड. प्रवाळाची फांदी, अगदी जवळून.]

हा सगळा खटाटोप हिच्यासाठी. ॲक्रोपोरा. दिसायला झुडूप, पण आहे प्राणी. खरं तर शेकडो इवल्या प्राण्यांची चाळच. प्रत्येक खोलीत एक भाडेकरू, आणि मजल्यांवर मजले चढतातच आहेत. बांधकामाला लागतं कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे शिंपल्यात आणि संगमरवरात असतं तेच. समुद्रात या मालाला तोटा नाही. लिटरमागे सुमारे ४१० मिलिग्रॅम कॅल्शियम, अल्कलिनिटी, म्हणजे मालातल्या कार्बोनेटच्या भागाचं माप, साधारण ७ डीकेएच (हे तिचं जर्मन एकक), आणि पाठीशी अख्खा महासागर. दादाकडे आहे तीनशे लिटर, तेही खालचा संप धरून. (संप म्हणजे कपाटातली दुसरी टाकी. हरताळ नव्हे.)

हे प्रवाळ इथल्याच टाक्यांमध्ये वाढवून विकलेले तुकडे आहेत. हे बघून कुणाला मालवणहून फांदी आणायची हुक्की आली असेल, तर ती इथेच सोडा. आपल्याकडे अशा प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे, वाघाइतकंच.

[स्वयंपाकघराचा ओटा. काचेची कुपी, सिरिंज.]

पंप नंतर दाखवते. आधी हे मोजणं, कारण पंप विकत घेणारे बरेच जण नेमकं हेच गाळतात.

टाकीतलं पाणी कुपीत घेतलं. त्यात दर्शकाचे, म्हणजे रंग बदलणाऱ्या इंडिकेटरचे, थेंब टाकले, पाणी निळसर हिरवं झालं. आता सिरिंजमधून आम्ल, एकेक थेंब. दादा बोलत नाही, आपणही बोलायचं नाही. कुपी हलवायची, थांबायचं, बघायचं. अजून हिरवंच. आणखी एक. आता कडेला गुलाबी झाक आली आणि विरली. आणखी अर्धा थेंब... आणि हा बघा, टिकला गुलाबी. सिरिंजवरचा आकडा वाचून कोष्टकात अल्कलिनिटी मिळते.

[भिंतीवरचं कालनिर्णय. चौकटीत पेन्सिलीने आकडे.]

हा आकडा जातो इथे. एकादशीखाली ८.४. दुसऱ्या दिवशी, त्याच वेळेला, ७.०. मधल्या चोवीस तासांत दादाने टाकीत काहीही घातलेलं नव्हतं. हे असं उपाशी ठेवून मोजणं त्याने दोनदा केलं, तेव्हा कुठे हिशोबाला बसला.

१.४ डीकेएच म्हणजे रसायनशास्त्राच्या मापात अर्धा मिलिइक्विव्हॅलंट दर लिटरला. गुणिले तीनशे लिटर, झाले दीडशे. एकेका मिलिइक्विव्हॅलंटमागे पन्नास मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. म्हणजे या चाळीत दिवसाला साडेसात ग्रॅम नवा दगड घातला जातो. मला हा आकडा ऐकून हसू आलं होतं. मग साडेसात ग्रॅम खडूची पूड तळहातावर घेऊन बघितली, आणि हसू थांबलं.

[जुना फोटो: पितळी पानाचा डबा. मग काचेच्या बरणीतलं दुधाळ पाणी.]

ही भरपाई पूर्वी कशी करत? जर्मन भाषेतल्या मत्स्यालयवाल्यांमध्ये १९७० च्या दशकात पीटर विल्केन्स यांनी 'काल्कवासर' रुजवलं. नाव भारदस्त, वस्तू आपल्या घरातली. चुन्याची निवळी. शाळेत नळीतून फुंकर मारून जी आपण दुधाळ केली, तीच. आजीच्या डब्यातल्या चुन्याची बहीण. ती थेंबाथेंबानेच सोडायची, कारण तिचा पीएच बाराच्या वर. आणि टाकीतून जितकं पाणी उडून जातं तितकीच घालता येते. फांद्या फोफावल्या की एकटी निवळी पुरत नाही.

[दोन पांढऱ्या पुड्या. डिजिटल काटा.]

मग १९९० च्या दशकात हान्स-वेर्नर बालिंग यांच्या नावाची पद्धत आली. चुना एकत्र द्यायचाच नाही, त्याचे दोन भाग वेगळे द्यायचे. एका कॅनमध्ये लिटरला ८४ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे आपला खाण्याचा सोडा. दुसऱ्यात लिटरला साडेत्र्याहत्तर ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड. हे माप अशासाठी, की दोन्ही कॅनमधून सारखंच पाणी द्यावं लागतं. दादाच्या टाकीला रोज दीडशे मिलिलिटर, चोवीस तासांत वाटून. काटा स्वयंपाकघरातला नाही. तो वहिनींनी दुसऱ्याच दिवशी परत मागून घेतला.

या दोघांची उरलेली टोकं, सोडियम आणि क्लोराइड, पाण्यात साचत जातात. म्हणजे नुसतं मीठ वाढतं. म्हणून तिसरा डोस असतो मीठ वगळलेल्या समुद्री क्षारांचा, बाकीचं प्रमाण राखायला. तो दादा आठवड्यातून एकदा हाताने घालतो.

[पेला. दोन्ही द्रावणं एकत्र ओतली जातात.]

आणि दोन्ही मोटरींमध्ये अर्ध्या तासाचं अंतर का, ते या पेल्यात बघा. ओतलं... आणि दही विरजल्यासारखं पांढरं. वर बुडबुडे. प्रवाळाने महिनोन्‌महिने खपून जो दगड बांधायचा, तो पेल्यात दोन क्षणांत खाली बसला. टाकीत असं झालं तर तो दगड कुणाच्याच कामाचा नाही.

[पंपाचं झाकण उघडलेलं. रूळ नळीवरून फिरतात.]

आता पंप. आत एक मऊ नळी, तिच्यावरून फिरणारे रूळ. टूथपेस्टची ट्यूब दाबत न्यावी तसं पाणी पुढे जातं. पाणी धातूला शिवत नाही, मोटरीत शिरत नाही. डायलिसिसच्या यंत्रात रक्त ढकलतो तो पंप याच जातीचा. दोष एकच. नळी मळते, दबून दबून थकते आणि कमी द्यायला लागते. यंत्राला ते कळत नाही. ते आपलं सेकंद मोजतं.

म्हणून हा प्रसंग आम्ही न कापता ठेवलाय. मोजपात्र, साठ सेकंद, यायला हवेत चाळीस मिलिलिटर. दादा वाकून पातळी डोळ्यांसमोर आणतो. सदतीस. पुन्हा एकदा. सदतीसच. म्हणजे रोज अकरा मिलिलिटरच्या आसपास उपास घडत होता, आणि पडद्यावर मात्र 'दीडशे पूर्ण' असं हिरव्या अक्षरांत झळकत होतं. त्याने नवा आकडा भरला. आता मोटर नऊ-साडेनऊऐवजी दहा सेकंद फिरेल. नवीन नळी मागवलीय.

[टाकीचा लांबून शॉट.]

गेल्या हिवाळ्यात अशीच थकलेली नळी बंद पंपातून झिरपत राहिली. कॅन वरच्या फळीवर होता, रात्रीत अर्ध्या लिटरहून जास्त सोडा उतरला, सकाळी अल्कलिनिटी तेराच्या पुढे, आणि दोन वसाहती गेल्या. त्याचं चित्रण आमच्याकडे नाही.

[कपाट उघडतं. कॅन आता खाली, तळाशी. नळीचं टोक पाण्याच्या वर.]

तेव्हापासून कॅन खाली. नळीचं टोक पाण्याच्या वर चार बोटं, थेंब पडताना दिसावा म्हणून. कॅनही छोटे, दोन-दोन लिटरचे. दर दोन आठवड्यांच्या आत भरावे लागतात. कटकट आहे. वहिनी म्हणतात, मग यंत्र कशाला? दादा उत्तर देत नाही, सोडा मोजतो.

[पहाट. कालनिर्णयाची रिकामी चौकट. पेन्सिल दोऱ्याला टांगलेली.]

साडेसहा. दुसऱ्या मोटरीची पाळी. दहा सेकंद.

[पंपाचा आवाज. थांबतो. स्वयंपाकघरात दिवा लागतो, कुपी धुतल्याचा आवाज.]